जुन्या बुलेटला हाताचा गिअर, पायाचा क्लच : वेल्डिंगवाल्याकडं जाण्याआधी हे समजून घ्या

सातारा / सांगली : घरात वडिलांच्या काळची बुलेट आहे. मोबाइलवर अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांचे व्हिडिओ येतात. त्यातला गडी टाकीच्या बाजूला हात नेतो, दांडा ओढून गिअर टाकतो आणि डाव्या पायाने क्लच सोडून निघून जातो. बघायला झकास वाटतं. आपल्या गाडीलाही तसंच करून घ्यावं, असं एखाद्याला वाटलं तर नवल नाही. लेथवाला ओळखीचा असतो, वेल्डिंगवाला गल्लीतच असतो, काम एका दिवसात होईल असं दोघंही सांगतात. होईलही. पण यवतेश्वरच्या घाटात चढावर पुढची गाडी अचानक थांबली आणि मागून एसटी आली, तर अशा बुलेटवर बसलेल्याने कुठला हात, कुठला पाय कुठं ठेवायचा, हा प्रश्न दांड्याची मूठ पितळेची की लाकडाची यापेक्षा आधी सोडवावा लागतो.

हाताचा गिअर आणि पायाचा क्लच या दोन गोष्टी जोडीनेच का येतात, तिथून सुरुवात करू. नेहमीच्या मोटारसायकलीत डावा हात क्लच दाबतो आणि पाय गिअर टाकतो. दोन्ही कामं एकाच क्षणी होतात, म्हणून ती दोन वेगळ्या अवयवांना वाटून दिलेली असतात. उजवा हात रेसवर असतो, तो सोडता येत नाही. आता गिअर हातात घ्यायचा म्हटलं तर तो डाव्याच हातात येणार. मग दांडा ओढताना क्लच कोण दाबणार? त्यामुळे क्लच पायात जातो. दोन कामांची अदलाबदल झाली, एवढंच. पण या अदलाबदलीत गाडीवर बसलेल्याचा एक पाय कायमचा कामाला लागतो आणि सगळी अडचण तिथून सुरू होते.

ही पद्धत कुणाची फॅशन म्हणून आलेली नाही. सुरुवातीच्या काळात बऱ्याच मोटारसायकलींचा गिअर हातातच होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करासाठी बनलेली हार्ले-डेव्हिडसन डब्ल्यूएलए ही त्यातली सगळ्यात माहितीतली गाडी. ७४० सीसीचं इंजिन, तीन गिअर, टाकीच्या डाव्या अंगाला गिअरचा दांडा आणि डाव्या पायाखाली क्लच. युद्ध संपल्यावर अशा लष्करी गाड्या आपल्या देशात विक्रीला निघाल्या. दिल्लीत त्यांना मागे प्रवासी बसायची पेटी जोडून फटफटी रिक्षा झाल्या आणि त्या पुढची कित्येक वर्षं चालल्या. म्हणजे पायाच्या क्लचवर माणसं भरून गर्दीत गाडी चालवणारे लोक आपल्याच देशात होते. मात्र त्यांच्या गाडीला तीन चाकं होती, थांबल्यावर पाय टेकायची गरज नव्हती. हा फरक लक्षात ठेवावा.

पायाच्या गिअरने हाताच्या गिअरला मागे टाकलं ते शर्यतीमुळे. १९२० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडच्या व्हेलोसेट कंपनीने एका दाबात एकच गिअर पडणारी पायाची रचना आणली. हँडलवरचा हात न काढता गिअर बदलता येतो म्हटल्यावर बाकीच्यांनीही तीच वाट धरली. हार्लेनेसुद्धा १९५२ मध्ये पायाचा गिअर आणि हाताचा क्लच द्यायला सुरुवात केली.

साताऱ्यात बनलेला हाताचा गिअर

हाताचा गिअर म्हटलं की आपल्याकडे कुणाला हार्ले आठवत नाही, स्कूटर आठवते. आणि ती आठवण आपल्या घरची आहे. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली. तिच्या साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात प्रिया स्कूटर तयार व्हायची. प्रिया, चेतक आणि दुधाच्या किटल्या लावून गावोगाव फिरलेली एम-८०, या सगळ्या गाड्यांचा गिअर डाव्या मुठीत होता. मग त्यांना पायाचा क्लच का लागला नाही?

कारण स्कूटरमध्ये क्लचचा दांडा मुठीबरोबरच फिरतो. चार बोटांनी क्लच दाबायचा आणि दाबलेला तसाच ठेवून मनगट फिरवायचं. एकाच हातात दोन्ही कामं बसवली आहेत. हा तोडगा इतका साधा आहे की तो तोडगा आहे हेच आपल्या लक्षात येत नाही.

तिसरा तोडगा जावाचा. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या जुन्या जावा गाड्यांमध्ये गिअरचा दांडा पायाने हलवला की आतला क्लच त्याच हालचालीत सुटतो. चालू गाडीत हाताने क्लच न दाबता गिअर बदलणारे जुने जावावाले सातारा-सांगलीकडे आजही सापडतील. जागेवरून उठताना मात्र हाताचा क्लच वापरायचा.

काही मिस्त्री म्हणतात, दांडा कशाला, स्कूटरची मूठच बुलेटला बसवू. ते जमत नाही. स्कूटरच्या मुठीला पहिला, दुसरा, तिसरा अशा ठरलेल्या जागा असतात आणि दोन वायरी ती जागा थेट गिअर बॉक्सपर्यंत नेतात. बुलेटच्या गिअर बॉक्समध्ये प्रत्येक दाबानंतर दांडा मधल्या जागी परत येतो. दोन्हींची भाषाच वेगळी आहे.

बुलेटची उलटी मांडणी

आता मूळ मुद्दा. जुन्या, चार गिअरच्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि मागचा ब्रेक डाव्या पायात असतो. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. अलीकडच्या गाड्यांत हे बदललं, पण ज्या गाडीला हा शौक करायचा असतो ती बहुतेक जुनीच असते.

या गाडीत पायाचा क्लच डावीकडे बसवायचा तर तिथे आधीच ब्रेकचं पेडल आहे. ते उजवीकडे न्यावं लागेल. पण मागच्या चाकाचा ब्रेक ड्रम आणि त्याची सळी डाव्या बाजूला आहे. म्हणजे गाडीच्या खालून आडवा शाफ्ट टाकून उजव्या पेडलचा जोर डावीकडे पोहोचवायचा. गिअरचं याच्या उलट. गिअरचा शाफ्ट उजव्या बाजूला बाहेर येतो, त्यावर सरळ दांडा उभा केला तर तो उजव्या मांडीजवळ येईल. उजवा हात तर रेसवर आहे. तेव्हा तोही आडव्या शाफ्टने नाही तर सळ्यांनी डावीकडे आणायचा. क्लचची वायर गिअर बॉक्सच्या उजव्या झाकणात शिरते, तीसुद्धा डाव्या पेडलपासून वळवून न्यायची.

एकूण तीन जोडण्या, तिन्ही गाडीच्या एका अंगाकडून दुसरीकडे. प्रत्येक सांध्यात थोडा ढिलेपणा असतो. एका सांध्यात अर्धा मिलिमीटर फार नाही, पण चार सांधे झाले आणि वर लांब दांडा असला की मुठीपाशी तो चांगला जाणवतो. गिअर पडला की नाही ते हाताला कळत नाही. ब्रेकच्या जोडणीत असा ढिलेपणा राहिला तर पेडल बरंच खाली गेल्यावर ब्रेक लागायला सुरुवात होते. इथं कसलीही तडजोड चालणार नाही. पिनेला घट्ट बसणारा पितळी किंवा गनमेटलचा बुश, ग्रीसची सोय आणि नटाला कॉटर पिन किंवा लॉक नट हे सगळं हवंच. सळीच्या टोकाला नुसतं भोक पाडून बोल्ट घालणं म्हणजे सहा महिन्यांत ते भोक अंडाकृती होण्याची हमी.

दांड्याची लांबीही अंदाजाने ठरवू नये. पायाच्या मूळ दांड्याच्या तिप्पट लांब दांडा केला तर मुठीवर लावलेल्या जोराच्या तिप्पट जोर आतल्या रॅचेटवर जातो. पायाला दणका सहन करायची सवय असते, गिअर बॉक्सला नसते. सिलेक्टर वाकला तर पूर्ण बॉक्स खोलायची वेळ येते. दांडा पुढे-मागे जास्त जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना अडसर लावावा.

क्लचच्या पेडलचंही तसंच. समजा, वायर १० मिलिमीटर ओढली की क्लच पूर्ण सुटतो. पायाला सोयीचा दाब ५० मिलिमीटरचा असेल तर पेडलचं आणि वायरच्या टोकाचं प्रमाण पाचास एक असं ठेवावं लागेल. पायात ताकद जास्त, म्हणून प्रमाण कमी ठेवलं तरी क्लच सुटतो, पण मग तो चालू-बंद केल्यासारखा पकडतो. गाडी उडी मारून निघते. उलट, वायर गरजेपेक्षा जास्त ओढली गेली तर ती तुटते किंवा आतली सळी घासते. पेडल सोडल्यावर वायरला दोन-तीन मिलिमीटर मोकळीक राहिलीच पाहिजे. ती नसेल तर क्लच अर्धवट दाबलेला राहतो, प्लेटा घसरतात आणि चार चढांत जळाल्याचा वास येतो.

पेडल जागेवर थांबतं की उडून येतं?

सगळ्या कामात हा प्रश्न सर्वात महत्त्वाचा आहे आणि व्हिडिओत तो कुणी सांगत नाही.

हार्लेच्या लष्करी गाडीचं पेडल झोपाळ्यासारखं होतं. टाच दाबली की क्लच सुटायचा, चवडा दाबला की पकडायचा. मध्ये घर्षणाच्या चकत्या होत्या, त्यामुळे पेडल जिथं ठेवलं तिथं थांबायचं. सिग्नलला थांबलात की टाच दाबा, क्लच सुटलेला राहील, पाय काढून खाली टेका. शांतपणे उभे राहा.

दुसरा प्रकार म्हणजे गाडीच्या क्लचसारखं साधं स्प्रिंगचं पेडल. पाय उचलला की ते वर येतं आणि क्लच पकडतो. गिअरमध्ये असताना डावा पाय घसरला किंवा तोल सावरायला खाली गेला, तर गाडी पुढं झेपावते, तेही नेमकी समोरच्या गाडीच्या मागे थांबलेली असताना. अमेरिकेत या प्रकाराला ‘सुइसाइड क्लच’ म्हणतात, म्हणजे आत्महत्येचा क्लच. नावाची गंमत वाटते, पण नाव ठेवणाऱ्यांनी अनुभवानंतर ठेवलेलं आहे. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये घर्षणाच्या चकत्यांचं झोपाळा पेडल करणं कटकटीचं, स्प्रिंगचं पेडल करणं सोपं. त्यामुळे सांगितलं नाही तर स्प्रिंगचंच होण्याची शक्यता जास्त.

आता चढाचा हिशोब मांडून बघू. पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट, कोयनेकडून चिपळूणला उतरणारा कुंभार्ली घाट, फुलांच्या दिवसांत कासकडे जाणारी रांग, कुठलाही घ्या. चढावर थांबलात. उजवा पाय मागच्या ब्रेकवर पाहिजे, नाही तर गाडी मागे येते. डावा पाय जमिनीवर पाहिजे, नाही तर गाडी पडते. इथपर्यंत झोपाळा पेडलवर जमतं. आता निघायचं आहे. डावा पाय क्लचवर न्यायचा. मग जमिनीवर कोण? उजवा पाय. मग मागचा ब्रेक कोण धरणार? कुणीच नाही. राहिला पुढचा ब्रेक, तो उजव्या हातात. त्याच हाताने रेस द्यायची, त्याच हाताच्या बोटांनी ब्रेक हळूहळू सोडायचा आणि डावा पाय त्याच वेळी क्लच सोडणार. जुन्या बुलेटचा पुढचा ब्रेक ड्रमचा, तो चढावर डबल सीट गाडी किती वेळ धरून ठेवेल, ते ज्याच्याकडे गाडी आहे त्याला ठाऊक असतं.

स्प्रिंगचं पेडल असेल तर गिअरमध्ये थांबताना डावा पाय खाली येऊच शकत नाही. कायम उजव्या बाजूलाच कलून उभं राहायचं. रस्ता डावीकडे उंच, उजवीकडे खोल असला की पाय टेकायला जमीन लांब जाते. न्यूट्रल करून थांबावं, हा यावरचा उपाय आहे आणि बुलेटला न्यूट्रल शोधायचा छोटा वेगळा दांडा असतोही. पण तोही उजव्या पायाशीच आहे आणि तो वरच्या गिअरमधून काम करतो, पहिल्यातून नाही.

घाट बाजूला ठेवला तरी सांगलीकडच्या सपाट रस्त्यावर सुटका नाही. गळीत हंगामात इस्लामपूर, पलूस, वाळवा भागात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागे गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडते. दर वीस फुटांवर थांबा, निघा. त्यातच डावा हात दांड्यावर गेला की हँडल एका हातात राहतं. ट्रॉलीतून पडलेल्या उसावर किंवा रस्त्यावरच्या मळीच्या चिखलावर चाक सरकायला तेवढा क्षण पुरतो.

आरटीओ काय म्हणतं?

क्लच कुठं आहे हे आरसीवर लिहिलेलं नसतं, मग कोण विचारतंय, असं गॅरेजमध्ये सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कलमाचा हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. वरच्या हिशोबाने क्लच, गिअर आणि ब्रेक हेच तीन बदल होतात.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्या वेळी गाडी दाखवावी लागते. एमएच-११ असो, एमएच-१० असो की कराडची एमएच-५०, निरीक्षकाने ब्रेकचं पेडल भलत्या बाजूला बघितलं तर तो कागद बाजूला ठेवणारच. अपघात झाला तर न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून विमा कंपनी दावा अडवू शकते. समोरच्याला इजा झाली असेल तर भरपाईचं ओझं मालकाच्या सात-बाऱ्यापर्यंत येऊ शकतं, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

हाताने काही घडवणाऱ्याचं कौतुक आपल्या भागात कमी नाही. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली, ती डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली. आनंद महिंद्रा यांनी कौतुक करतानाच ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती थांबवली जाईल, हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळालीही. कारागिरीला दाद वेगळी आणि रस्त्यावर चालवायची परवानगी वेगळी, हे त्या प्रकरणात उघड झालं. प्रत्येकाला बोलेरो मिळत नाही.

गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार अशा दुचाकीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. रोजच्या वापराला ती गाडी चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच बाहेर काढायची. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. चासीला आडव्या शाफ्टसाठी भोकं पाडली, पट्ट्या वेल्ड केल्या की हा दरवाजा आपल्या हाताने बंद होतो. वडिलांची १९७० सालची बुलेट कापून तिची १९४२ सालची हार्ले करण्यात मोल वाढत नाही, घटतं.

तरीही खासगी शेतात, आवारात हौस म्हणून कुणाला करायचंच असेल, तर चासीला वेल्डिंग टाळून क्लॅम्प आणि नटबोल्टवर सगळं बसवावं. काढलेले मूळ भाग तेल लावून, गुंडाळून ठेवावेत. आडव्या शाफ्टचा ब्रेक आधी बसवून तो उतारावर तपासावा, मगच क्लचला हात घालावा.

खरी गरज कुणाला?

कडबाकुट्टीत हात गेलेला किंवा अपघातात पाय निकामी झालेला माणूस आपल्या प्रत्येक तालुक्यात आहे. हातापायांची कामं बदलून घेणं ही त्याची हौस नसते. कायद्यानेही हा फरक केला आहे. अपंग व्यक्तीसाठी बदल केलेल्या वाहनाला ‘अनुकूलित वाहन’ असा वेगळा दर्जा आहे, नोंदणी अधिकाऱ्याच्या मान्यतेने असा बदल करता येतो आणि अशा वाहनाचा चालक परवानाही त्याच वर्गात निघतो. काम सुरू करण्याआधी अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि आरसी घेऊन आरटीओत जावं.

मात्र इथंही पायाचा क्लच हे सरसकट उत्तर नाही. डावा हात गेलेल्याला पायाने क्लच दाबता येईल, पण दांडा ओढायला हात कुठून आणणार? डावा पाय निकामी असेल तर पायाचा क्लच कामाचाच नाही. त्याला स्कूटरच्या मुठीतली रचना जास्त जवळची. दोघांसाठीही क्लच आणि गिअर दोन्ही काढून टाकलेली, मागे दोन जादा चाकं लावलेली बिनगिअरची स्कूटर बरी पडते. ती चढावर थांबली तरी पाय टेकावा लागत नाही आणि ब्रेक दोन्ही बोटांत असतात. एक हात नसेल तर दोन्ही ब्रेक एकाच दांड्यावर घ्यावे लागतात, ते काम मात्र अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावं आणि मान्यतेच्या कागदावर त्याचा उल्लेख झाला आहे का, हे घरी येण्याआधी वाचून बघावं.